चूलबंद आवतन

ही गोष्ट खरी आहे.

मी गावात थापाड्या म्हणून ओळखला जातो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मला गोष्ट रचायची असती तर मी यापेक्षा बरं भूत निवडलं असतं. केस मोकळे सोडलेलं, पाय उलटे असलेलं. जे माझ्या वाट्याला आलं ते कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटते.

मागच्या वर्षी, संक्रांतीनंतरचा रविवार.

जागा संग्रामपूर तालुक्यातली. सातपुड्याच्या पायथ्याला एक धरण आहे. धरणाचं नाव लिहीत नाही, कारण माझा चुलत भाऊ प्रेम तिथं अजून धंदा करतो. आमचं गाव त्या पाण्यात बुडालं, निदान धंदा तरी तरंगत राहो.

हो, त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. माझे बाबा लहान असताना गाव उठवलं आणि वर माळावर नवं वसवलं. गावाशेजारची डोंगरी तेवढी पाण्याबाहेर राहिली. तेच आता बेट. चहूबाजूंनी निळं पाणी, वर पळस, मोह, मोर, मागं सातपुडा. फोटो पाहिले तर तुम्हीही जाल.

प्रेमनं तिथं एक दिवसाची सहल सुरू केली होती. सकाळी होडीनं न्यायचं, बेट फिरवायचं, दुपारी गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत, आणि उजेड असतानाच परत. होडीला दिवा नव्हता. शिवाय पाण्यात जुन्या गावातल्या झाडांचे वठलेले बुंधे उभे आहेत. अंधारात होडी आदळली तर पुनर्वसन थेट खाली.

प्रेम गाईड. होडी कादरभाईंची. मी वाढपी.

आणि त्या दिवशी आमच्यासोबत माझी जयमाला आत्या होती.

आत्या संक्रांतीला माहेरी आली होती. तिची माय, म्हणजे माझी आजी, गाव उठायच्या आधीच गेली. आत्या तेव्हा परकर नेसायची. आजीला त्याच डोंगरीच्या उतारावर जाळलं होतं. त्यानंतर आत्या तिथं कधी गेलीच नाही. या वेळी म्हणाली, "एक डाव हात जोडून येतो न मी. पुढं कोण पायलं?"

बाबा स्वतः धरणाकडं फिरकत नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "भागवत, तिले पाण्याजवळ एकटं सोडू नको. अन् काईही झालं तरी तिले घेऊनच घरी ये."

"बाबा, ती का लहान पोरगी हाय?"

"तिथं गेल्यावर होईल," बाबा म्हणाले.

मी हसलो. तेव्हा मला सगळ्याचंच हसू यायचं.

---

सकाळी थंडी भल्ली होती. पाण्यावरून वाफ निघत होती, थंडीत निघते तशी.

पण सगळीकडून नाही…

बेटाच्या मावळतीच्या अंगाला, जिथं खाली गाव आहे, तिथूनच. आणि पसरलेली नाही. वेगवेगळ्या बारीक रेघा. इथं एक, तिथं एक. सकाळी घराघरांतून धूर निघावा तशा.

"हे आमच्या सहलीचं खास आकर्षण," प्रेम पर्यटकांना सांगत होता. "खाली गाव, वर धुकं!"

भाऊराव नावाचे एक काका उंद्रीहून बायकोला घेऊन आले होते. त्यांनी नाक वर केलं. "धुकं म्हणता? मले तर गोवऱ्यांचा वास येऊन राह्यला."

"आपलेच रोडगे, काका. गोवऱ्या भरल्या न होडीत."

गोवऱ्या होत्या. पण पेटवलेल्या नव्हत्या.

 आत्या त्या रेघांकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते. नंतर कळलं, ती घरं ओळखत होती.

बेटावर उतरल्यावर प्रेमचा खेळ सुरू झाला. सहलीत थोडा थरार पाहिजे म्हणून आम्ही दोघांनी एक प्रकार बसवला होता. डोकं माझं, घसा त्याचा. बुडालेल्या गावाला जेवायचं आवतन द्यायचं.

आमच्याकडं आवतनाचे प्रकार असतात. एका माणसाला द्यायचं, किंवा घरटी एकाला. आणि सगळ्यात मोठं ते चूलबंद. म्हणजे घरातलं झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, पोरंसोरं, म्हातारेकोतारे, आणि त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही.

प्रेम खडकावर उभा राहिला. पाण्याकडं तोंड. हातांचा तोंडाशी कर्णा केला.

"ऐका होऽऽ… आज बेटावर रोडग्याईची पंगत हाय होऽऽ… साऱ्या गावाले चूलबंद आवतन हाय होऽऽ…"

पर्यटक हसले. मोबाईल वर गेले. भाऊरावकाकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आत्या हसली नाही.

"काऊन रे असं बोलला?" तिनं प्रेमला विचारलं.

"गंमत हाय न आत्या."

"चूलबंद म्हणला तू. गमतीत म्हणतेत काय ते?"

"खाली कोण हाय ऐकाले? सारे तर वरतं येऊन गेले."

"जिवंत होते ते आले," आत्या म्हणाली. "त्याईले प्लॉट भेटले. बाकीच्याईचं काय केलं कोणी?"

 तेवढ्यात मी पाण्याकडं पाहिलं…

पहिली रेघ गेली.

मग दुसरी.

मग तिच्या शेजारची.

वारा नव्हता. ऊन अजून तिथं पोचलं नव्हतं. डोंगरीला पार लागून जी रेघ होती, ती सगळ्यात शेवटी गेली. कुणीतरी चुलीवर पाणी मारून, दार ओढून निघावं तशी.

गोवऱ्यांचा वासही गेला.

"ऊन आलं म्हणजे धुकं जातेच," प्रेम म्हणाला. पण घसा खाकरून म्हणाला.

---

दिवस चांगला गेला. तेही खोटं कशाला सांगू?

मोर दिसला. भाऊरावकाकांनी त्याला जवळ बोलावलं, तो आला नाही, म्हणून काका त्याच्यावर नाराज झाले. आत्यानं उतारावर हात जोडले, फूल वाहिलं, आणि मग सरळ पदर खोचून आमच्यासोबत सैपाकाला बसली. रोडग्यांचे गोळे वळले. गोवऱ्यांच्या आरात भाजायला टाकले. वांग्याची भाजी, वरण. आर नीट लागेना, रोडगे आतून कच्चे राहिले, पुन्हा टाकले. त्यात उशीर झाला. पंगत बसली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

बेटाच्या माथ्यावर एक मोठा दगड आहे, हत्तीएवढा. त्याला लागूनच पंगत बसवली. शेवटचं पान दगडाच्या टोकाशी. दगडापलीकडं काही नाही, सरळ उतार आणि पाणी.

मी टोपलं घेऊन वाढत निघालो. भाऊरावकाकांचं पान शेवटचं. त्यांना वाढलं आणि वळलो.

तर दगडाच्या पलीकडून आवाज आला…

"इकडंही येऊ द्या."

साधा आवाज. पंगतीत येतो तसाच.

मला वाटलं, कुणी जागा नाही म्हणून तिकडं जाऊन बसलं असेल. मी दगडाला वळसा घातला.

तिकडं पानं मांडली होती.

एकाशेजारी एक, उतारावरून खाली, थेट पाण्यापर्यंत. आमच्या पत्रावळ्या खामगावच्या दुकानातल्या होत्या, चांदीचा कागद लावलेल्या. या पळसाच्या होत्या. हातानं लावलेल्या, काड्यांनी टोचलेल्या.

सगळ्या ओल्या.

पानांवर कोपऱ्यात मीठसुद्धा वाढलेलं होतं.

आणि पानांमागं कुणीही नव्हतं…

मी टोपलं घेऊन जसा गेलो तसाच उलटा चालत परत आलो. आत्या वरणाच्या गंजाजवळ होती.

"आत्या… तिकडं पानं हायेत."

"मंग?"

"पानंच हायेत. माणसं नाईत."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. घाबरली नाही. तेच मला घाबरवून गेलं.

"पान मांडलं हाय न? वाढ मंग."

"कोणाले वाढू?"

"आवतन कोणाले देल्लं होतं?"

मी वाढलं.

खाली मान घालून वाढलं. रोडगे, वरण, भाजी. भाजी दोनदा जमिनीवर सांडली. पाण्यापर्यंत जाऊन परत फिरलो, तर पहिलं पान…

रिकामं होतं. चाटूनपुसून.

मी दगडाच्या अलीकडं आलो आणि मग आवाज सुरू झाले.

वरण ओढल्याचा. फुर्रऽऽ.

बोटं चाटल्याचा.

कुणीतरी ढेकर दिली.

पंगतीत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांचे हात थांबले. भाऊरावकाकांचा घास तोंडाजवळच राहिला. त्यांच्या बायकोनं त्यांचं धोतर… माफ करा, ते पँटमध्ये होते. पँट घट्ट धरली.

"कोण हाय बे तिकडं?" काकांनी मला विचारलं.

"गाववाले," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

खालून कादरभाईंची हाक आली. ते होडीपाशीच थांबले होते, जेवण त्यांनी तिथंच मागवलं होतं. "प्रेमभाऊ! जल्दी करा! दिवस चालला!"

भाऊरावकाका उठायला लागले.

"बसा!"

आत्याचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"पंगतीत लोक जेवून राह्यले. कोणी उठायचं नाई."

आमच्याकडं हा नियम आहे. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगत उठत नाही. जेवणाऱ्याला भरल्या पानावरून उठवणं यासारखा अपमान नाही. एरवी काकांनी वाद घातला असता. त्या दिवशी मुकाट खाली बसले.

तर आमचं असं चाललं होतं. सूर्य बुडायला टेकलेला. होडीला दिवा नाही. पाण्यात बुंधे. आणि आम्ही एवढे जण हात वाळवत बसलोय, कारण दगडापलीकडं कुणाचं जेवण व्हायचंय.

मी वाढत राहिलो. टोपलं रिकामं होत गेलं.

हळूहळू आवाज कमी झाले.

एक थांबला… दुसरा थांबला…

शेवटी एकच राहिला. अगदी खालून, पाण्याकडून. फार सावकाश. एक घास. मग कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा एक घास.

"कादरभाई हाका मारून राह्यले, आत्या," प्रेम रडवेला झाला होता. "कोण हाय ते? कवा होईल त्याचं?"

आत्या कान देऊन ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"माय हाय माही," ती म्हणाली. "अशीच जेवे ती. साऱ्याईचं झाल्यावर, चुलीपाशी, उरलंसुरलं. जल्मात कधी पंगतीत बसली नाई ती. आज पयल्यांदा बसली. जेवू द्या तिले."

 भाऊरावकाकांच्या बायकोनं डोक्यावरून पदर घेतला.

टोपल्यात एकच रोडगा राहिला होता. आत्यानं तो उचलला. ती वाढणाऱ्यांत होती, अजून जेवायला बसलीच नव्हती. तिला उठायला बंदी नव्हती.

ती दगडाला वळसा घालून गेली.

आम्ही वाट पाहिली.

घासाचा आवाज थांबला होता. आता बोलण्याचा येत होता. आत्याचा एकटीचा. हळू. मधे थांबायची, ऐकायची, हसायची.

तसं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ते हसू परकर नेसणाऱ्या पोरीचं होतं.

बाबांचं बोलणं आठवलं. तिला पाण्याजवळ एकटं सोडू नको.

 खरं सांगतो, प्रेमनं मागून ढकललं म्हणून मी गेलो.

---

आत्या पाण्यात बसली होती.

गुडघ्यांपर्यंत पाय आत. लुगड्याचा काठ भिजून काळा झालेला. समोर एकच पान, अर्धं दगडावर, अर्धं पाण्यावर. बाकीची पानं कुठंच नव्हती.

पानात रोडगा कुस्करलेला होता. मधे वरणासाठी आळं केलेलं. आणि ते आळं…

ते एका बाजूनं ढासळत होतं. थोडं थोडं. जेवताना ढासळतं तसं.

हात दिसत नव्हता.

"आत्या, चाल."

"तू जा. तिचं झालं का येतो मी."

"अंधार पडून राह्यला. बाबा वाट पायत असतीन."

"जा म्हणलं न तुले. मी काई लहान हाय काय?"

हे बोलताना ती थोडी पुढं सरकली. पाणी मांड्यांपर्यंत आलं.

मी तिचा दंड धरला. थंड होता. ओढलं. हलली नाही. एवढीशी बाई, पण दुसऱ्या बाजूनं कुणी धरलंय असं वाटलं.

मग मी जे केलं ते शहाणपणानं केलं नाही. सकाळपासून वाढपी होतो, तोंडात तेच बसलं होतं. घाबरलेला माणूस पाठ असलेलं बोलतो. मी त्या पानाकडं वाकून विचारलं…

"आजी, अजून वाढू काय?"

सगळं शांत झालं.

टोपलं माझ्या हातात होतं. रिकामं. हो म्हणाली असती तर काय वाढलं असतं, हा विचार आजही झोपेत येतो.

पानाकडं पाहत राहिलो.

पान दबलं…

मधोमध. पाच बोटांचा पंजा आडवा धरावा, तेवढंच. पोट भरल्यावर आपण पानावर हात धरतो ना, "बस, नको" म्हणून? तसं.

मग हळूच वर आलं.

आणि दगडापासून पाण्यापर्यंत, मागून, पुढून, खालून, एकदम आवाज आला. बायका, पुरुष, पोरं.

"अन्नदाता सुखी भव…"

आत्याचा दंड सैल पडला. ती आपल्या पायांनी उठली आणि माझ्यामागं चालू लागली.

मागं वळून पाहिलं नाही. पण ऐकू आलं.

पाण्याच्या काठाकाठानं… चुळा.

पाणी तोंडात घ्यायचं, खुळखुळवायचं, थुंकायचं. एक नाही, अख्ख्या गावाच्या. भुतं रडतात, हसतात, नाव घेऊन हाक मारतात, हे मी ऐकून होतो. भुतं जेवण झाल्यावर चूळ भरतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

  कादरभाईंनी इंजिन बंद ठेवून वल्ह्यांनी होडी आणली, मोबाईलच्या उजेडात, बुंधे चुकवत. काठाला लागल्यावर एवढंच म्हणाले, "तिकडून एवढे लोक हात धूत होते, ते कसे येतीन? दुसरी होडी हाय काय?"

प्रेमनं उलटी केली.

---

घरी आलो. बाबांनी आत्याला पाहिलं आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

आईनं आत्याचं लुगडं बदललं. पदराला गाठ होती. आत्या ती सोडू देईना. शेवटी तिनं स्वतःच सोडली.

ओली ज्वारी. हळद लावलेली.

आमच्याकडं लग्नाच्या अक्षता अशाच असतात. आणि मोठं आवतन द्यायचं असलं की घरच्यांच्या हातावर हेच दाणे ठेवतात.

"हे कोणाले?" बाबांनी विचारलं.

"आपल्याले," आत्या म्हणाली. "मायनं देल्लं. पंगतीले बोलावलं, आता उलट आवतन कराच लागते म्हणे."

"कोणाकोणाले?"

आत्या सगळ्यांकडं पाहून हसली. तेच परकरातलं हसू.

"चूलबंद."

"कधीचं?"

"ते नाई सांगतलं तिनं. म्हणाली, सैपाक झाला का कळंल तुमाले."

ते दाणे फेकून द्यायची कुणाची छाती झाली नाही. देव्हाऱ्याखाली एका वाटीत आहेत. वर्ष झालं. वाळले नाहीत.

आत्या सासरी, पिंपळगाव राजाला, गेली. फोनवर बरी बोलते. प्रेम सहल नेतो, पण बेटावर उतरवत नाही, होडीतूनच दाखवतो. मी वाढपी म्हणून कुठंच जात नाही.

आमच्या घरात एकच गोष्ट बदलली. रोज सकाळी आई सगळ्यात आधी गॅस पेटवते. दूध असो नसो. बाबा आणि मी जागे असतो, पण उठत नाही. लायटरचा आवाज येतो, मग भक्कन पेटल्याचा. तो ऐकला की बाबा अंगावरचं पांघरूण काढतात.

चूल पेटली, म्हणजे आज नाही.

हे मी आज लिहून राह्यलो, कारण पहाटे प्रेमचा फोन आला. तो धरणाच्या भिंतीवर उभा होता. पाण्यावर पुन्हा धूर आहे म्हणाला.

"घराघराईचा नाई बे या टायमाले. एकाच जागी हाय. मोठा."

"कसा मोठा?"



"पंगतीचा सैपाक असल्यासारखा…"

फोन ठेवला तेव्हा आई उठून सैपाकघरात गेली होती. बाबा पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडले आहेत.

लायटरचा आवाज येतोय.

टक्.

टक्… टक्.

"अरे भागवत," आईचा आवाज आला, "टाकी तर कालच बदलली न? मंग हे पेटून काऊन नाई राह्यलं?"